थंडीत कमी तापमानाचा थर्मोस्टॅट: ठेवायचा की बदलायचा?

उन्हाळ्यात गाडी तापू नये म्हणून अनेक जण मूळ ८८ किंवा ९१ अंशांचा थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढून ८२ किंवा थेट ७१ अंश सेल्सियसचा बसवतात. मग थंडी पडते, हीटर कोमट वारा फेकू लागतो, अ‍ॅव्हरेज घसरतं आणि लोक हीटर खोलून बसतात. दोष हीटरचा नसतो.

थर्मोस्टॅटवर कोरलेला आकडा म्हणजे तो उघडायला सुरुवात होते ते तापमान. पूर्ण उघडायला त्याला आणखी १० ते १५ अंश लागतात. आत मेण भरलेली छोटी डबी असते. मेण वितळलं की फुगतं, दांडा ढकलतं आणि स्प्रिंगचा जोर मोडून व्हॉल्व्ह उघडतं. कूलंट थंड झालं की स्प्रिंग तो पुन्हा बंद करते. म्हणजे थर्मोस्टॅट इंजिनाचं किमान तापमान सांभाळतो. कमाल तापमान रेडिएटर, पंखा आणि वॉटर पंप यांच्या हातात असतं. रेडिएटर चोंदलेला असेल तर ७१ चा थर्मोस्टॅट लावूनही लांब चढावर गाडी तापणारच, फक्त काटा थोडा उशिरा वर जाईल.

थंडीत रेडिएटरवर गार वारा आदळत असतो, त्यामुळे कूलंट ७१ च्या आसपासच अडकून राहतं आणि त्याच्याच उष्णतेवर चालणारा हीटर कोमट राहतो. इंजेक्शनच्या गाडीत ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला) वाटतं इंजिन अजून पुरेसं गरम झालेलं नाही, म्हणून तो जादा पेट्रोल देत राहतो. बऱ्याच गाड्यांत पी०१२८ हा कोड येऊन चेक लाइट लागते. कूलंट अपेक्षित तापमानाला पोचत नाही, एवढाच त्याचा अर्थ. डिझेल गाडीत इंजिन गार राहिलं तर डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) जाळून साफ होण्याची प्रक्रियाच अनेकदा सुरू होत नाही आणि काजळी साचत जाते.

सगळ्यात मोठं नुकसान मात्र ऑइलचं होतं आणि ते काट्यावर दिसत नाही. जळण्यातून तयार होणारी वाफ आणि न जळलेलं पेट्रोल पिस्टनच्या कडेने खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल नीट तापलं तर ते उडून जातं, नाहीतर तिथंच मुरतं. ऑइल भरायचं झाकण काढून उलटं करून बघा. आतल्या बाजूला पिवळट, फेसाळ, मलईसारखा थर दिसला तर पाणी साचतंय. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल किंवा ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली, तर ऑइल पातळ झालंय. ते लगेच बदला. तसाच थर दिसतोय आणि कूलंटही कमी होतंय, तर मात्र हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांमधलं सील) तपासून घ्या.

म्हणून आमचं स्पष्ट मत: मूळ गाडी ८८ किंवा त्याहून वरच्या थर्मोस्टॅटची असेल, तर थंडीआधी मूळ आकड्याचाच परत बसवा. रोजचा प्रवास पाच-सात किलोमीटरचा असेल तर यात चालढकल नको.

बदलण्याआधी हातातला नवा थर्मोस्टॅट तपासून घ्या. पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्याने असा टांगा की तो तळाला टेकणार नाही, शेजारी थर्मामीटर धरा आणि मंद आचेवर तापवा. कोरलेल्या आकड्याच्या दोन-तीन अंश इकडेतिकडे फट दिसू लागली पाहिजे. पाणी निवताना तो पूर्ण मिटतो की नाही, हेही बघा. अर्धवट मिटणारा नवा पीस जुन्याइतकाच निकामी.

काम पूर्ण थंड इंजिनावरच करा. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं कूलंट अंगावर उसळतं. खाली टब ठेवून थर्मोस्टॅटच्या पातळीखाली जाईल इतकं कूलंट काढा आणि टब लगेच झाका. कूलंट गोडसर लागतं, विषारी असतं, मुलं आणि जनावरं ते पितात. थर्मोस्टॅट ज्यात बसतो त्या हाउसिंगचे बोल्ट काढा, जुनं गॅस्केट प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा, कारण अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडा पडला की तिथून गळती होते. नवा थर्मोस्टॅट बसवताना स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे आणि हवा सोडणारी छोटी पिन असेल तर ती सगळ्यात वर. उलटा बसला तर मेणाच्या डबीपर्यंत उष्णता पोचत नाही आणि इंजिन तापतं. ६ मिलिमीटरच्या बोल्टना साधारण ८ ते १० न्यूटन मीटर पुरे, तरी मॅन्युअलमधला आकडा अंतिम माना. जास्त आवळलं की आटे जातात.

कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा. इथिलीन ग्लायकॉलचं हे मिश्रण सुमारे उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. निव्वळ कूलंट ओतणं चूक आहे: ते त्याहून लवकर गोठतं आणि उष्णताही कमी वाहून नेतं. मग हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालू ठेवा, ब्लीड स्क्रू असेल तर त्यातून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढा. आत हवा राहिली तर सेन्सर कोरडा पडतो, काटा खाली दाखवत राहतो आणि अचानक उसळतो.

थर्मोस्टॅट उघडतोय की नाही, हे होज पाइपला हात लावून कळतं. फक्त पंख्यापासून हात लांब ठेवा. थर्मोस्टॅट कूलंट इंजिनातून बाहेर पडतं त्या वाटेवर असेल तर वरचा पाइप बराच वेळ गार राहून मग झपाट्याने गरम होतो. सुरुवातीपासून हळूहळू कोमट होत गेला, तर व्हॉल्व्ह उघडा अडकलाय. कूलंट इंजिनात शिरतं त्या वाटेवर असेल तर हीच परीक्षा खालच्या पाइपवर करा.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. ७१ च्या थर्मोस्टॅटबरोबर पंखा लवकर सुरू व्हावा म्हणून ट्यूनिंग केलं असेल, तर तेही मूळ पदावर आणा. पंखा ८० ला सुरू होणार आणि थर्मोस्टॅट ८८ ला उघडणार असेल, तर पंखा थांबणारच नाही आणि बॅटरी-अल्टरनेटरवर विनाकारण भार पडेल.

रेडिएटरसमोर पुठ्ठा लावायचा उपाय इथे कामाचा नाही. थर्मोस्टॅट ७१ लाच उघडणार. पुठ्ठ्याने तापमान वर चढलंच, तर ते धरून ठेवणारं काहीच नसतं, आणि गर्दीत गाडी तापायला वेळ लागत नाही.