'काहीच दिसत नाही हो!' दुर्बीण घेताना आणि लावताना या चुका टाळा

खोक्यावर '५२५ पट' छापलेलं दिसलं की माणूस हरखतो. हा आकडा येतो कुठून, ते आधी बघा. आत असते ६० मिलिमीटर भिंगाची, ७०० मिलिमीटर फोकल लेंथची (भिंगापासून प्रतिमा जुळते तिथवरचं अंतर) दुर्बीण आणि २० व ४ मिलिमीटरचे दोन आयपीस, म्हणजे डोळा लावायची भिंगं. फोकल लेंथला आयपीसच्या आकड्याने भागलं की वर्धन मिळतं: ३५ पट आणि १७५ पट. ४ च्या आयपीसआधी वर्धन तिप्पट करणारं जादा भिंग, म्हणजे बार्लो, लावली की झाले ५२५. गणितात खोट नाही, पण ६० मिलिमीटरच्या भिंगाला ते झेपत नाही. भिंगाच्या व्यासाच्या दुप्पट, म्हणजे इथे १२० पट, ही मर्यादा. तीही हवा स्तब्ध असेल त्या रात्रीची. त्यापुढे प्रतिमा फुगते आणि अंधारते, नवा तपशील तसूभरही मिळत नाही.

आता कोजागरीची गच्ची डोळ्यासमोर आणा. दूध आटतंय, शेजारीपाजारी रांगेत, पोरांना शनीची कडी बघायचीय. दुर्बिणीचा मालक तयारीचा गडी: उजेड असतानाच समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर त्याने फाइंडर, म्हणजे नळीवरची नेम धरायची छोटी दुर्बीण, जुळवून ठेवलाय. रात्री फाइंडरच्या फुलीवर शनी बरोब्बर येतो आणि आयपीसमध्ये काळोख. स्क्रू फिरतात, तिवई हलते, 'अजून वर, अजून वर' सुरू होतं. अर्ध्या तासात रांग दुधाकडे वळते आणि दुर्बीण 'फॉल्टी' ठरते.

दुर्बीण ठणठणीत आहे. टाकी ५० मीटरवर आणि फाइंडर मुख्य नळीपासून ८ सेंटिमीटर बाजूला. एवढ्या जवळच्या वस्तूवर दोन्ही जुळवले की आकाशाकडे वळवल्यावर त्यांच्यात सुमारे साडेपाच कलांचा (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) फरक पडतो. ५२५ पटीला स्वस्त आयपीसमधून दिसणारं आकाश जेमतेम साडेतीन कला रुंद, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत पावणेदोन. शनी चौकटीच्या बाहेरच राहणार. आणि चुकून सापडलाच, तर पृथ्वीच्या फिरण्यामुळे चौदा सेकंदांत एका कडेने शिरून दुसरीने निघून जाणार. डोळा लावून फोकस करेपर्यंत खेळ खलास.

फाइंडर दिवसाच जुळवावा, पण किमान किलोमीटरभर लांबच्या वस्तूवर: मोबाइल टॉवरचं टोक, देवळाचा कळस. सूर्याच्या दिशेला मुळीच नको. सर्वांत जास्त मिलिमीटरचा आयपीस लावायचा, टोक आधी मुख्य दुर्बिणीत मध्यावर आणायचं आणि मग नळीला धक्का न देता फाइंडरचे स्क्रू फिरवून फुली तिथे न्यायची. उलटं करायला जाल तर दिवस मावळेल. नंतर १० चा आयपीस लावून पुन्हा तपासायचं. रात्री एखाद्या ठळक ताऱ्यावर शेवटचा हात. हे दर खेपेला करायचं, कारण पिशवीतून काढताना फाइंडर हमखास हलतो. पाच मिनिटांचं काम आहे. ज्यांना तेवढाही धीर नाही त्यांनी दुर्बीण घेऊच नये, यूट्यूबवर शनी छान दिसतो.

सुरुवात नेहमी कमी वर्धनाने. गुरू पृथ्वीच्या जवळ असताना ४० पटीत साधारण नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राएवढा दिसतो. लोकांना हे खरं वाटत नाही, कारण आजूबाजूला तुलनेला काही नसतं. शनीची कडी ३५ पटीतही कळते. २०२५ च्या मार्चमध्ये ती कडेवरून दिसण्याची वेळ येऊन गेली. त्यानंतरचा काही काळ ती बारीक काडीसारखी दिसली तर भिंगाला दोष देऊ नका. चंद्र बघायचा तर शुक्ल अष्टमीच्या आसपास, उजेड-अंधाराच्या सीमेवर. पौर्णिमेला विवरांच्या सावल्याच नसतात. पिठाची परात बघितल्यासारखं होतं.

प्रतिमा उलटी दिसणं हा बिघाड नव्हे. भिंगाच्या दुर्बिणीत आयपीसआधीचा काटकोनी डायगोनल (प्रकाश वळवणारा तुकडा) काढून टाकला की बऱ्याचदा फोकसच होत नाही. आरशाच्या दुर्बिणीत तो लावायचा नसतो.

नवी घ्यायचीच असेल तर ६ इंची डॉबसोनियन घ्या: आरसा, नळी, खाली गरगर फिरणारं लाकडी बैठं खोकं. १२०० मिलिमीटर फोकल लेंथला २५ च्या आयपीसने ४८ पट, १० च्याने १२०. सुरुवातीला एवढं भरपूर. त्याच पैशांत काटकुळ्या पायांवर उभं असलेलं विषुववृत्तीय माउंट (ताऱ्यांमागे दुर्बीण फिरवणारी बैठक) मिळतं आणि ते 'प्रोफेशनल' दिसतं म्हणून लोक भुलतात. त्याचा अक्ष ध्रुवाकडे रोखावा लागतो. पुण्यात ध्रुव क्षितिजापासून साडेअठरा अंशांवर. शेजारच्या विंगेमागे गेला की बसा. बजेट कमी असेल तर १०×५० ची (१० पट, ५० मिलिमीटर भिंगांची) द्विनेत्री. कृत्तिका तिच्यातच सर्वांत देखण्या दिसतात.

तारे उकळल्यासारखे थरथरत असतील तर भिंगाकडे बघू नका, पायाखाली बघा. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत गरम हवा सोडत असतो. गच्चीवर पाणी शिंपडून ठेवलं तर थोडा फरक पडतो, पहाटे उठलात तर फारच. आरशाची दुर्बीणही अर्धा-पाऊण तास आधी बाहेर काढून ठेवायची.

अंधारं आकाश शोधत वांगणीला किंवा भोरकडे गाडीच्या डिकीतून दुर्बीण नेली की आरसा हलणारच. तो पुन्हा सरळ करायला दुर्बीण ध्रुवावर रोखा, ध्रुव जागचा हलत नाही. १० च्या आयपीसने किंचित आउट ऑफ फोकस करा, फार नको; तबकडी मोठी झाली की चूक लपते. मधला काळा ठिपका एका बाजूला सरकलेला दिसला तर मागचे लॉक स्क्रू सैल करून समायोजनाचा एक स्क्रू पाव फेऱ्याहूनही कमी फिरवा, तारा पुन्हा मध्यावर आणा, बघा. वाईट झालं तर उलटा फिरवा. आरसा जुळवायचं लेसरचं स्वस्त उपकरण घेऊन हे टाळणाऱ्यांना विचारावंसं वाटतं, की तो लेसर तरी सरळ आहे का? खाचेत ठेवून स्वतःभोवती फिरवा. समोरच्या भिंतीवरचा ठिपका गोल फिरला तर तोच वाकडा.

आरशावर धूळ दिसली म्हणून रुमाल किंवा काच पुसायचा फवारा? नाही. अॅल्युमिनियमचा तो थर केसाहून कितीतरी पातळ असतो. रबरी ब्लोअरने उडते तेवढी उडवा, बाकीची राहू द्या. थोड्या धुळीने काही बिघडत नाही, ओरखडे मात्र कायमचे.

आयपीसला लावायचा 'सन' लिहिलेला काळा फिल्टर खोक्यात निघाला तर हातोड्याने फोडा. तो बसतो तिथे ऊन एकवटलेलं असतं. काच तडकली की डोळा गेला. सूर्याचा फिल्टर नळीच्या तोंडावर, संपूर्ण व्यासभर हवा आणि फाइंडरवर टोपण.

पावसाळ्यात दुर्बीण बंद पेटीत सिलिका जेलसह ठेवा, नाहीतर दसऱ्यापर्यंत भिंगावर बुरशीची जाळी. निळे दाणे गुलाबी झाले की जुन्या कढईत मंद आचेवर परतून घ्यायचे, पुन्हा निळे होतात. ती कढई परत स्वयंपाकात आणायची नाही.