नागपूरच्या स्वयंपाकघरात ग्लुटेनमुक्त आहाराची सुरुवात कशी करावी

सिलिॲक आजाराचे निदान झाले आणि डॉक्टरांनी गहू आयुष्यभर बंद करण्यास सांगितले, की घरात पहिला प्रश्न उठतो तो ‘मग खायचे काय?’ हा. तीन वर्षांपूर्वी माझ्या मुलीच्या निदानानंतर आमच्याकडेही तोच उठला होता. विदर्भातल्या माणसाला या प्रश्नाचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही, कारण ज्वारी, तांदूळ आणि चण्याची डाळ हाच आपल्याकडच्या जुन्या स्वयंपाकाचा पाया होता आणि दोन्ही वेळची पोळी ही तुलनेने अलीकडची सवय आहे. खरी अडचण पुढे येते. पोळी बंद झाली तरी डोळ्यांना न दिसणारा गहू ताटात येतच राहतो, आणि तो कोठून येतो हे हुडकून काढण्यात पहिले वर्ष जाते. तुमचे ते वर्ष थोडे कमी कष्टाचे व्हावे, या हेतूने हे लिहीत आहे.

सर्वांत आधी एक गोष्ट आग्रहाने सांगते. निदान झालेले नसेल आणि केवळ पोट फुगते किंवा अशक्तपणा वाटतो म्हणून गहू सोडण्याचा विचार असेल, तर तपासणी होईपर्यंत तो सोडू नये. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती गव्हातील ग्लुटेन या प्रथिनामुळे स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते, आणि रक्तातील टीटीजी-आयजीए ही चाचणी व त्यानंतर दुर्बिणीतून घेतलेला आतड्याचा तुकडा याच प्रतिक्रियेचा माग काढतात. गहू आधीच बंद केला तर प्रतिक्रिया मंदावते, अहवाल चांगला येतो आणि आजार मात्र तसाच राहतो. मेडिकल, मेयो, एम्स ही नागपूरची सरकारी रुग्णालये किंवा तुमचे नेहमीचे पोटविकारतज्ज्ञ, कोठेही जा, पण नेहमीचे जेवण सुरू असतानाच जा. गव्हाची ॲलर्जी हा वेगळा आजार आहे, आणि सिलिॲक नसतानाही गहू न सोसणारी माणसे असतात. तिघांचे पथ्य वरून सारखे दिसले तरी किती काटेकोर राहायचे हे निदानावर ठरते. पुढे जे सांगणार आहे ते सिलिॲकच्या रुग्णासाठी, म्हणजे सर्वांत काटेकोर पथ्यासाठी आहे.

काटेकोर म्हणजे किती, हे आकड्यांनीच नीट कळते. गव्हाच्या एका मध्यम पोळीत साधारण अडीच ते तीन ग्रॅम ग्लुटेन असते, आणि रोज 50 मिलिग्रॅम ग्लुटेन पोटात जात राहिले तरी सिलिॲकच्या रुग्णाच्या आतड्याला इजा होऊ शकते. पन्नास मिलिग्रॅम म्हणजे पोळीचा पन्नासावा भाग, एक घाससुद्धा नव्हे. म्हणूनच आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ‘ग्लुटेन-फ्री’ असे लिहिण्यासाठी किलोमागे 20 मिलिग्रॅमची कमाल मर्यादा घातली आहे. ‘एवढ्याशाने काय होते’ असे घरातले वडीलधारे प्रेमापोटीच म्हणतात. त्यांच्यासमोर पोळीचा हा हिशेब मांडावा. माझ्या सासूबाईंना मात्र हिशेबापेक्षा एका डच डॉक्टरांची हकीकत अधिक पटली. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, 1944-45 च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये पावाचा दुष्काळ पडला, तेव्हा एरवी खंगत जाणारी ही आजारी मुले सुधारू लागली आणि पाव परत मिळू लागताच पुन्हा आजारी पडली. विलेम डिके हे बालरोगतज्ज्ञ आधीपासूनच गव्हावर संशय घेत होते, त्यांना यातून खात्री पटली. ती हकीकत ऐकल्यापासून सासूबाईंनी ‘एक घास खाऊ दे गं तिला’ असे पुन्हा म्हटले नाही.

आता वर्ज्य काय, ते पाहू. ग्लुटेन गहू, जव आणि राय या धान्यांत असते. राय आपल्याकडे खात नाहीत, परंतु गहू मात्र अनेक नावांनी घरात वावरतो. कणीक, मैदा, रवा, दलिया, शेवया, आमरसाबरोबरचे सरगुंडे, रोडगे, गव्हाच्या चिकाच्या कुरडया, हे सगळे गहूच. सातूचे पीठ आपल्याकडे बहुधा भाजलेले गहू आणि डाळ दळून करतात, आणि मूळ सातू म्हणजे जव, त्यामुळे ते दोन्ही बाजूंनी वर्ज्य. खपली गहू पचायला हलका असतो असे अनेक जण सांगतील; तोही गहूच आहे आणि त्यातही ग्लुटेन आहे. ‘मल्टिग्रेन’ आट्यात तर बहुतेक वेळा गव्हाचाच भाग मोठा असतो. माल्ट घातलेली दुधातील पेये आणि बिअर जवापासून होतात, तर सोया सॉसमध्ये सहसा गहू असतो. ओट्समध्ये मूळचा गहू नसला तरी शेतापासून कारखान्यापर्यंत तो त्यात मिसळत आलेला असतो, म्हणून सुरुवातीच्या काळात ओट्सही दूर ठेवलेले बरे.

चालणाऱ्या पदार्थांसाठी नवी यादी लागत नाही, ती तुमच्या घरात आधीच आहे. ज्वारीची भाकरी, कण्या, आंबील, वरणभात, गोळाभात, झुणका, पाटोडीचा रस्सा, पोहे, भगर, साबुदाणा, राजगिरा, शिंगाडा, सर्व डाळी, भाज्या, फळे, दूध, अंडी, मटण आणि मासे हे मुळात ग्लुटेनरहितच आहेत. तांदळासाठी तर नागपूरच्या माणसाने पूर्वेकडे पाहिले की पुरे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा सगळा धानपट्टा आहे, आणि घरोघरी शिजणारे एचएमटी हे वाण चंद्रपूर जिल्ह्यातील दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतात निवडून वाढवलेले. मात्र तिन्ही त्रिकाळ भात आणि साबुदाणा असे करू नये, पोटात फक्त पिष्ट जाते. ज्वारी, बाजरी, नाचणी आणि डाळी यांना ताटात मोठी जागा द्यावी. परदेशी ग्लुटेन-फ्री पाव आणि बिस्किटे महाग असतात व त्यांत स्टार्च आणि साखरच अधिक असते. सणावारी किंवा मुलाच्या हट्टासाठी ती घ्यावीत, रोजच्या जेवणाचा आधार त्यांना करू नये.

भाकरीवर थोडे थांबते, कारण पथ्य टिकणार की मोडणार हे पुष्कळदा तिच्यावरच ठरते. कणकेला जो चिवटपणा येतो तो ग्लुटेनचा. ज्वारीत तो नाही, म्हणून गार पाण्यात मळलेली भाकरी थापताना कडेने फाटते आणि नवशिक्याचा धीर सुटतो. यावर जुना उपाय उकळत्या पाण्याचा आहे, त्याने पिठातील स्टार्च फुगून चिकट होतो आणि ग्लुटेनची उणीव बऱ्याच अंशी भरून निघते. एक वाटी पिठाला पाऊण ते एक वाटी पाणी चिमूटभर मीठ घालून खळखळ उकळावे, परातीतल्या पिठात ओतून चमच्याने कालवावे आणि दहा मिनिटे झाकून ठेवावे. हाताला सोसेल इतके निवले की तळहाताने रगडून मळावे. बोटांना कोठेही कोरडी गुठळी लागता कामा नये. मग एका भाकरीपुरता गोळा घेऊन तो पुन्हा मिनिटभर मळावा आणि ज्वारीच्याच पिठावर थापावा. कडेला भेग दिसली तर ती वरवर बुजवू नये, गोळा मोडून ओल्या हाताने पुन्हा मळावा. तव्यावर टाकल्यावर वरच्या अंगाला पाणी फिरवावे आणि ते सुकत आले, पण पुरते वाळले नाही, अशा वेळी भाकरी उलटावी. एवढे करूनही भाकरी तुटत असेल तर दोष हाताचा नाही, पिठाचा आहे. जुने झालेल्या पिठाची विरी गेलेली असते. दहा-बारा दिवस पुरेल इतकेच दळावे, नागपूरच्या उन्हाळ्यात तर आठवड्यापुरतेच.

आणि ते कोठे दळावे, हा या संपूर्ण पथ्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. इतवारीतून उत्तम ज्वारी आणायची, निवडायची आणि कोपऱ्यावरच्या चक्कीवर दळून आणायची, असा आमचा पहिल्या सहा महिन्यांचा क्रम होता. मुलीच्या ताटात आम्ही गव्हाचा कण येऊ देत नव्हतो, तरी सहा महिन्यांनी तिच्या रक्ताचा अहवाल आला तेव्हा टीटीजीचा आकडा जेमतेम उतरलेला होता. मी खचले होते. दुसऱ्या दिवशी दळण घेऊन गेले आणि या वेळी डबा ठेवून परत न येता तेथेच उभी राहिले. माझ्या आधी एका बाईंचे गहू दळून झाले होते. चक्कीवाल्या दादांनी कापडी नळी दोनदा झटकली, माझी ज्वारी वर ओतली आणि डब्यात सुरुवातीला जे पीठ पडले ते ज्वारीसारखे करडे नव्हते, ते कणकेसारखे पिवळसर होते. दोन-चार ओंजळी तसेच पडले आणि मग हळूहळू रंग बदलला. दादांची काही चूक नव्हती, प्रत्येक दळण तसेच होते. आम्हीच सहा महिने ज्वारीच्या नावाने रोज थोडा गहू खाऊ घालत होतो. त्या आठवड्यात आम्ही घरघंटी घेतली आणि तिच्यात गहू कधीही न घालण्याचे ठरवले. त्यापुढच्या तपासणीत आकडा जवळजवळ सामान्य होता.

घरघंटी लगेच घेणे सर्वांना शक्य नसते. अशा वेळी भात, भगर आणि भिजवून वाटलेल्या डाळ-तांदळाचे डोसे, धिरडी यांवर काही आठवडे काढता येतात, किंवा पथ्यावर असलेली दोन-तीन कुटुंबे मिळून एक घरघंटी वापरू शकतात. चक्कीवरचे पहिले दोन किलो पीठ बाजूला काढले की पुढचे शुद्ध येते, या समजुतीवर मात्र विसंबू नये. बेसन, तांदळाची पिठी आणि थालीपिठाची भाजणीही घरीच दळावी. भाजणीत तर अनेक घरांत मूठभर गहू घालण्याची रीतच आहे. धान्य दळण्यापूर्वी ताटात पसरून निवडावे, कारण ज्वारीत गव्हाचे दाणे हमखास सापडतात.

दुसरा चोर हिंग. बाजारात डबीत मिळतो तो बांधानी हिंग, म्हणजे शुद्ध हिंगात गव्हाचे पीठ किंवा मैदा व डिंक मिसळून केलेला. वरणाच्या फोडणीत तो रोज पडतो, त्यामुळे एक हिंग सगळ्या जेवणाला बाधतो. डबीवरचे घटक वाचावेत आणि तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग मिळाला तर तो घ्यावा, नाहीतर हिंगाशिवाय लसूण-जिऱ्याची फोडणी द्यावी. वेष्टन वाचताना इंग्रजीत ‘कंटेन्स व्हीट’ किंवा ‘कंटेन्स ग्लुटेन’ अशी ओळ शोधावी. तयार मसाले, पापड आणि फरसाण यांची पाकिटे दर वेळी वाचावीत, एकदा वाचले म्हणून पुढच्या वेळी सोडू नयेत. नियमित औषधे आणि टॉनिके यांबद्दल डॉक्टरांना किंवा औषध दुकानातील जाणकाराला विचारावे.

घरात बाकीच्यांच्या पोळ्या होत असतील तर भांडी वेगळी करावी लागतात, पण सगळीच नव्हे. स्टीलची पातेली, ताटे, वाट्या घासून स्वच्छ होतात. लाकडी पोळपाट-लाटणे, चाळणी, लोखंडी तवा आणि लाकडी डाव यांच्या भेगांत, जाळीत पीठ अडकून राहते, म्हणून ती स्वतंत्र हवीत. आमच्याकडे मुलीच्या वस्तूंना हिरवी रिबीन बांधलेली आहे, पाहुण्यांनाही ती कळते. तिची भाकरी आधी होते, पोळ्या नंतर, कारण कणीक मळताना उडालेले पीठ ओट्यावर बराच वेळ बसत राहते. ज्या कढईतल्या तेलात पुऱ्या किंवा समोसे तळले, त्या तेलात तिची भजी तळू नयेत.

बाहेरचे खाणे पहिले तीन-चार महिने बंदच ठेवावे असे माझे मत आहे, कारण तोवर काय विचारायचे हेच आपल्याला कळलेले नसते. पुढे विचारून खाता येते. तर्री पोह्यांतील पोहे निर्धोक असतात, पण तर्रीत हिंग कोणता, आणि शेजारच्या कढईतला डाव याच पातेल्यात फिरतो का, हे पाहावे. सांबारवडीचे आवरण फक्त बेसनाचे आहे असे गृहीत धरू नये, त्यात मैदा किंवा कणीक घालतात. सावजी रस्सा घट्ट कशाने केला, हे विचारल्यावर नीट उत्तर मिळाले तरच भाताबरोबर घ्यावा. लग्नकार्यात पंगत बसण्याआधी आचाऱ्याशी बोलून भात, वरण आणि भाजी वेगळी काढून घ्यावी. एकदा वाढपी पुरीच्या हाताने भात वाढू लागले की उपाय उरत नाही. महालक्ष्म्यांच्या जेवणात आंबील, कढी, भात आणि भाज्या भरपूर असतात, फक्त पुरणपोळी आणि फुलोरा टाळायचा. पुरण मात्र वाटीत तूप घालून खाता येते. गणपतीला उकडीचे मोदक, संक्रांतीला तिळगूळ, दिवाळीला अनारसे आणि बेसनाचे लाडू आहेतच. प्रसादाचा शिरा हातावर आला तर तो नम्रपणे पुढच्याला द्यावा आणि हात धुवावेत. माझी मुलगी आता हे स्वतःच करते.

पोटाचा त्रास बहुधा काही आठवड्यांत कमी होऊ लागतो, पण आतड्याचे अस्तर भरून यायला महिने लागतात, मोठ्या माणसांत कधी वर्ष-दोन वर्षेही. तोवर काहींना दूध सोसत नाही. ते बहुधा तात्पुरते असते. लोह, फॉलिक ॲसिड, बी-12, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम यांची तपासणी सांगितल्याप्रमाणे करावी आणि टीटीजी सहा महिन्यांनी, वर्षाने व त्यानंतर दर वर्षी पाहावा. आईवडील, भावंडे आणि मुले यांनाही हा आजार असण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच अधिक असते आणि पुष्कळदा त्यांना काहीच लक्षणे नसतात, म्हणून त्यांचीही एकदा रक्ततपासणी करून घ्यावी. ती होईपर्यंत त्यांच्या ताटातली पोळी बंद करू नये.