किचन चिमणी धूर ओढत नाही? नवी घेण्याआधी या चुका तपासा

मिरचीची फोडणी पडली की घरभर ठसका, आणि चिमणी मात्र जोरात घोंघावतेय. अशा वेळी बहुतेक जण जास्त सक्शनचं मॉडेल शोधायला लागतात. मोटर नीट फिरत असेल, तर दोष बहुधा हवेच्या वाटेत असतो.

चिमणी पूर्ण वेगावर लावून फिल्टरखाली पेटती उदबत्ती धरा. आधी दारं-खिडक्या बंद ठेवून बघा, मग एखादी खिडकी चार बोटं उघडा. ओढ एकदम वाढली, तर चिमणी ठणठणीत आहे. जेवढी हवा बाहेर जाते तेवढी आत यायला नको का? एसीसाठी गच्च बंद केलेल्या फ्लॅटमध्ये हीच अडचण असते. मात्र शेगडीशेजारची खिडकी उघडू नका. झुळकेने धूर फिल्टरपर्यंत पोचण्याआधीच पांगतो. लांबची उघडा.

बंद घरात गॅस गीझरही चालू असेल, तर प्रकरण गंभीर. त्याच्या नळीतून बाहेर जाणारा धूर चिमणीच्या ओढीने उलटा घरात येऊ शकतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो, आणि त्याला ना रंग ना वास. गीझर चालू असताना खिडकी उघडी हवीच.

खिडकी उघडूनही फरक पडला नाही, तर डक्ट, म्हणजे धूर बाहेर नेणारा पाइप बघा. फॉल्स सीलिंगमध्ये मावावा म्हणून चिमणीच्या ६ इंची तोंडाला ४ इंची पाइप जोडलेला असतो. त्याने हवेची वाट निम्म्याहून कमी होते! वर लोंबकळणारी ॲल्युमिनियमची नळी आणि दोन-तीन काटकोन. दिसायला आटोपशीर, कामाला शून्य.

डक्ट सरळ असेल तर झडप बघा, म्हणजे हवा बाहेर सोडणारी पण उलटी आत येऊ न देणारी पट्टी. नव्या चिमणीत कधी कधी पॅकिंगची चिकटपट्टी तशीच राहते. जुन्या चिमणीत झडप तेलाने चिकटते. सामाईक शाफ्टच्या इमारतीत चिमणी बंद असताना शेजारचे बोंबील तुमच्या घरात दरवळत असतील, तर झडप उघडीच अडकली आहे असं समजा.

फिल्टर तेलकट झाले की ओढ मंदावते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. चिमणी शेगडीपासून साधारण २६ ते ३० इंचांवर हवी, हे मात्र बसवणारेही विसरतात.

शेवटी पाइपचं बाहेरचं तोंड बघा. कबुतरांसाठी लावलेली बारीक जाळी तेल आणि धुळीने बुजते. तिथे मोठ्या भोकांची जाळी लावा. उंच मजल्यावर हे काम स्वतः खिडकीतून वाकून करू नका, माणूस बोलवा.