मेकअप आर्टिस्टच्या कॉन्फरन्सला जाताना

पहिल्या कॉन्फरन्सला मी पूर्ण मेकअप करून गेले होते. फसले! फाउंडेशन जबड्यावर लावून बघायचं, तर तिथे आधीच थर. आता नुसतं सनस्क्रीन लावते आणि बाह्या सहज वर सरकतील असे कपडे घालते.

शेड बघताना जबड्याच्या कडेला बोटभर पट्टी ओढा, पण लगेच भुलू नका. हॉलमधल्या पिवळट दिव्यांत सगळंच गोड दिसतं. १०-१५ मिनिटं थांबून बाहेरच्या उजेडात आरशात बघा. काही फाउंडेशन सुकल्यावर चांगलीच गडद होतात. बाकीच्या शेड हातावर लावून बघा आणि प्रत्येक पट्टीशेजारी पेनाने शेडचा नंबर लिहा. नाहीतर संध्याकाळी डझनभर तपकिरी रेघा उरतात आणि नाव एकीचंही आठवत नाही.

टेस्टरची, म्हणजे सगळ्यांनी लावून बघायला ठेवलेली लिपस्टिक थेट ओठांना? कधीच नाही. स्वच्छ स्पॅच्युलाने खरवडून मनगटावर घ्या.

डेमोला पहिली रांग मिळावी म्हणून सगळे धावतात. मी मात्र आर्टिस्ट मॉडेलच्या ज्या बाजूला उभी असेल, तिकडची खुर्ची धरते आणि मॉडेलच्या चेहऱ्याऐवजी आर्टिस्टच्या हाताकडे बघते. ब्रश दांडीच्या टोकाकडे धरलाय की केसांजवळ, यावर दाब ठरतो. तो मोठ्या स्क्रीनवर कळत नाही. प्रश्न एकच विचारा, पण नेमका: ‘तेलकट त्वचेवर हाच बेस ६ तास कसा टिकवाल?’ ‘सगळ्यात चांगलं प्रॉडक्ट कोणतं’ विचारलंत, तर ज्याचा स्टॉल त्याचंच नाव ऐकाल.

खरेदी शेवटच्या दिवशी. तोवर हातावरच्या निम्म्या पट्ट्या मनातून उतरलेल्या असतात.