मूडलवर पहिला घटक चढवताना

मूडल म्हणजे धडे आणि चाचण्या ऑनलाइन ठेवण्याची प्रणाली. तिच्यावर अख्खा पेपर, म्हणजे विषयाचा सगळा अभ्यासक्रम, एकदम चढवायला जाऊ नका. एकच घटक घ्या. सोलापुरात करमाळा, सांगोला, अक्कलकोटकडून एसटीने येणारी मुलं तो मोबाइलवरच उघडणार, तेव्हा माप मोबाइलचं धरा.

आधी टिपणं. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर थेट पेस्ट केला तर इंग्रजी अक्षरांची खिचडी उमटते, कारण हे फॉन्ट युनिकोड, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांना कळणाऱ्या अक्षर-संकेतातले, नाहीत. कन्व्हर्टरमधून मजकूर युनिकोड करून घ्या आणि मग रफार, जोडाक्षरं स्वतः वाचून तपासा. घोळ तिथेच होतो.

व्याख्यानाचे दहा-दहा मिनिटांचे तुकडे पाडा. नुसता आवाज 64 केबीपीएसवर (सेकंदाला 64 किलोबिट) सेव्ह केला तर एक तुकडा 5 एमबीच्या आत बसतो. गणित किंवा प्रयोग दाखवायचा नसेल तर व्हिडिओचा सोस कशाला?

खरी मेहनत चाचणीत आहे. क्वेश्चन बँकेत 30 प्रश्न भरा आणि प्रत्येकाला त्यातले 10 रँडम येतील असं लावा. पर्याय शफल करणार असाल तर ‘वरीलपैकी सर्व’ हा पर्याय काढूनच टाका. शफलमध्ये तो पहिल्या जागी आला की ‘वरील’ म्हणून काही उरतच नाही!

एका शब्दाचं उत्तर मागणारा ‘शॉर्ट आन्सर’ प्रश्न मराठीत दगा देतो. मूडल अक्षर न् अक्षर जुळवून बघतं. तुम्ही ‘पंढरपूर’ भरलंत आणि मुलाने ‘पंढरपुर’ लिहिलं, की शून्य. दोन्ही रूपं उत्तरांत घाला, नाहीतर बहुपर्यायी प्रश्नच द्या.

गावात रेंज जाते, त्यासाठी चाचणीच्या सेटिंगमध्ये मोबाइल अ‍ॅपवर ऑफलाइन सोडवण्याची मुभा द्या. त्यासाठी टाइम लिमिट काढावं लागतं आणि ‘डिफर्ड फीडबॅक’ (निकाल चाचणी संपल्यावरच दाखवणं) ठेवावा लागतो. चाचणी आधी डाउनलोड करायची, सोडवून झाल्यावर रेंजमध्ये येऊन सिंक करायचं, म्हणजे उत्तरं अ‍ॅपमधून मूडलवर पाठवायची, हे वर्गात एकदा करून दाखवा. सिंक होईपर्यंत उत्तरं सर्व्हरवर पोचत नाहीत, आणि मुलं तर ‘सर, सबमिट केलं’ म्हणतात. म्हणून मुदत रात्री बाराची न ठेवता दुसऱ्या दिवशी संध्याकाळची ठेवा. तोवर मुलं कॉलेजला येऊन गेलेली असतात.