ईडेलची रविवारची चाल आणि पबमधलं जेवण

आम्ही मँचेस्टरचे दहा-बारा जण रविवारी ईडेलला, म्हणजे इंग्लंडच्या पीक डिस्ट्रिक्टमधल्या डोंगराळ गावी, चालायला जातो. मी आधी पबमध्ये टेबल राखते, मग रेल्वेगाडीची वेळ बघते. एकदा न सांगता गेलो, तर स्वयंपाकघर बंद झालेलं. लहान मुलांना वेफर्सवर भागवावं लागलं. तेव्हापासून शाकाहारी किती, हे फोनवरच सांगते. नट रोस्ट (मांसाऐवजी दाणे-सुकामेव्याचा भाजलेला पदार्थ) मोजकेच असतात, आणि शाकाहाऱ्यांना ग्रेव्हीही वेगळी, बिनमांसाची लागते, ती आवर्जून विचारा.

मँचेस्टरच्या पिकाडिली स्टेशनहून गाडीनं पाऊण तासात ईडेल. तिथून हॉलिन्स क्रॉसची खिंड, मग कड्यावरून उजवीकडे मॅम टॉर ही टेकडी, ५१७ मीटर. माथ्यावर वारा झोंबतो, कानटोपी हवीच. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या नकाशा संस्थेचा ओएल१ नकाशा घ्या. हिरव्या तुटक रेषा म्हणजे सार्वजनिक पायवाटा. वेग सगळ्यात हळू चालणाऱ्याचा. शेवटच्या माणसानं फाटक होतं तसंच ठेवायचं, कारण आत मेंढ्या असतात.

उतरून ईडेलच्या ओल्ड नॅग्स हेड पबला या. पेनाईन वे या लांब पल्ल्याच्या पायवाटेची पारंपरिक सुरुवात इथलीच. चिखलाचे बूट दारात काढा, जाड मोजे पिशवीत असू द्या. परतीची गाडी जेवायला बसल्यापासून निदान दोन तासांनंतरची धरा. रोस्टसोबत येणारं पिठाचं फुगीर यॉर्कशायर पुडिंग घाईत खाऊ नये.