फोर्ड ८एन ट्रॅक्टरला इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवताना

इंजिन गरम झालं की मिसिंग सुरू. ट्रॅक्टर महिनाभर उभा राहिला की सेल्फ मारून मारून बॅटरी बसते, पण ठिणगी काही पडत नाही. फोर्ड ८एन वापरणाऱ्यांना हे दुखणं चांगलं माहीत आहे. पॉइंट (ठिणगीसाठी करंट तोडणारे यांत्रिक संपर्क) काढून इलेक्ट्रॉनिक किट बसवणं हा त्यावरचा चांगला उपाय आहे आणि तो जरूर करावा. मात्र आधी बाकीचं इग्निशन धडधाकट करा, मग किटला हात घाला. तडकलेल्या वायरींवर आणि गंजलेल्या अर्थवर (बॉडीला जाणाऱ्या जोडणीवर) नवं किट बसवलं तर दोष तिथेच राहतो, फक्त तो शोधणं दुप्पट अवघड होतं.

मी मूळचा कराडचा. पॉइंट, कंडेन्सर (पॉइंट जळू न देणारा), टायमिंग (ठिणगी नेमकी कधी पडते ते) हे सगळं पद्मिनीवर शिकलो. आता ओहायोत आहे. घरामागे थोडी जमीन आहे, आणि गवत कापायला नि बर्फ सारायला १९५१ चा ८एन आहे. अमेरिकेत जरा मोठी जागा घेतलेल्या मराठी मंडळींकडे हा ट्रॅक्टर बरेचदा घराबरोबरच येतो, म्हणून हे लिहितोय.

पहिलं काम, आपला डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक प्लगला पाळीने ठिणगी पोचवणारा भाग) कोणता ते बघा. ८एन १९४७ ते १९५२ या काळात बनला. १९५० पर्यंतच्या ट्रॅक्टरांचा डिस्ट्रिब्युटर इंजिनाच्या अगदी पुढच्या तोंडाला, पंख्याखाली असतो आणि चौकोनी कॉइल (बॅटरीचं व्होल्टेज ठिणगीसाठी वाढवणारी) त्याच्याच डोक्यावर बसते. सीरियल नंबर २६३८४४ पासून पुढे तो बाजूला, उभा आणि सहज हात पोचेल असा आला, आणि कॉइल गोल डब्याची, वेगळी झाली. दोन्हींची किटं वेगळी. मी बाजूच्या डिस्ट्रिब्युटरबद्दल सांगतोय.

दुसरी गोष्ट बॅटरीची. हा ट्रॅक्टर कारखान्यातून ६ व्होल्टवर आणि पॉझिटिव्ह अर्थवर निघायचा. आज बऱ्याच जणांनी तो १२ व्होल्ट, निगेटिव्ह अर्थ करून घेतलेला असतो. विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. मल्टिमीटर लावा आणि बॅटरीची कुठली केबल बॉडीला गेली आहे ते डोळ्यांनी बघा. उलट्या अर्थवर जोडलेलं मॉड्यूल (किटमधला, पॉइंटच्या जागी बसणारा इलेक्ट्रॉनिक भाग) किल्ली फिरवल्या क्षणी जळू शकतं. माझा ट्रॅक्टर १२ व्होल्ट, निगेटिव्ह अर्थ आहे, त्यामुळे पुढची जोडणी त्याच हिशेबाने वाचा.

किट मागवण्याआधी एक संध्याकाळ जुन्या सेटला द्या. उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरच्या पॉइंटवर बारीक गंजाचा थर चढतो, नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही. कोऱ्या, गुळगुळीत नसलेल्या कागदाची पट्टी पॉइंटांच्या मध्ये धरून ओढा. ती काळी निघेल. पांढरी निघेपर्यंत नवीन पट्टी घेत राहा. मग फीलर गेजने गॅप ०.०२५ इंच करा. रोटर (डिस्ट्रिब्युटरच्या कॅपखाली फिरणारा तुकडा) फिरायच्या दिशेने बोटांनी थोडा पिळून सोडा. तो स्प्रिंगने झटकन मागे आला पाहिजे. रेंगाळला तर आतली ॲडव्हान्सची (वेग वाढला की ठिणगी आधी पाडणारी) वजनं जुन्या ग्रीसमध्ये चिकटली आहेत. ती साफ न करता किट बसवून काही उपयोग नाही. शाफ्ट आडवा हलवून बघा. हाताला खेळ जाणवला तर बुश गेले. पॉइंटवर हा खेळ लगेच त्रास देतो, किट थोडा सहन करतं, पण फार नाही.

आता बसवणी. बॅटरीची अर्थ केबल काढा. कॅपवरच्या प्लग वायरींना टेप लावून नंबर घाला. फायरिंग ऑर्डर १-२-४-३ आहे आणि एक नंबर सिलिंडर रेडिएटरच्या बाजूचा. कॅप, रोटर, मग पॉइंट आणि कंडेन्सर काढा. कंडेन्सर ‘असू दे’ म्हणून ठेवू नका, आता त्याला काम नाही. पॉइंटखालची प्लेट पेट्रोलच्या फडक्याने पुसून कोरडी करा. बहुतेक किटांत मॉड्यूलला अर्थ याच प्लेटमधून मिळतो, तिथे तेलाचा थर राहिला तर ठिणगी मनाला येईल तेव्हा पडते. मॉड्यूल स्क्रूने पक्कं करा. चुंबकाची रिंग शाफ्टच्या कॅमवर सरकवून दोन्ही अंगठ्यांनी खाली दाबा, हातोडी नको. रिंग आणि मॉड्यूलमधलं अंतर किटच्या कागदाप्रमाणे ठेवा. रोटर पूर्ण खाली बसला पाहिजे आणि कॅप जोर न लावता बसली पाहिजे. जोर लागतोय म्हणजे रिंग अजून वर आहे. वायरी फिरत्या भागाला घासत नाहीत ना, हे रोटर हाताने फिरवून बघा.

लाल वायर कॉइलच्या पॉझिटिव्हला, काळी निगेटिव्हला. वाटेत रेझिस्टर असेल तर लाल वायरीला त्याच्या आधीचं पूर्ण व्होल्टेज द्या.

सगळ्यात जास्त मॉड्यूलं मरतात ती कॉइलपायी, म्हणून इथे घाई करू नका. सगळ्या वायरी काढून कॉइलच्या दोन टोकांमध्ये ओहम मोजा. चार सिलिंडरच्या १२ व्होल्ट इंजिनाला साधारण ३ ओहम हवेत. चार्जिंग चालू असताना १३.८ व्होल्ट धरले तर करंट साडेचार अँपिअरच्या आसपास राहतो. तिथे दीड ओहमची कॉइल असेल तर तोच नऊच्या वर जातो, कॉइल तापते आणि मॉड्यूल हकनाक मरतं. इंजिन बंद असताना किल्ली ‘ऑन’ ठेवणंही याच कारणाने टाळा. प्लग वायरीही बदलून घ्या. नुसत्या तांब्याच्या तारेच्या वायरींमुळे मॉड्यूल भांबावतं, कार्बन कोअरच्या सप्रेशन वायरी लावा. प्लगचा गॅप ०.०२५ इंच.

गिअर न्यूट्रलला टाका. तसंही ८एनचं सेल्फचं बटण गिअरच्या दांडीपाशी आहे आणि न्यूट्रलशिवाय दबतच नाही. ही सोय मला फार आवडते, इतर ट्रॅक्टरांना ती यायला वेळ लागला. आधी ठिणगी बघा. मधल्या हाय टेन्शन वायरीचं टोक, रबरी हातमोजा घालून, इंजिनापासून ६ मिलिमीटरवर धरा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. पेट्रोलचा वास येत असेल तर हे करू नका. निळसर, टचटच वाजणारी ठिणगी उडी मारून पोचली पाहिजे. पिवळी, रडतखडत आली तर कॉइल आणि अर्थ पुन्हा तपासा.

इंजिन सुरू झाल्यावर टायमिंग लाइट लावा. फ्लायव्हीलवरच्या खुणा बेल हाउसिंगच्या छोट्या झाकणामागे आहेत. सावकाश आयडलवर ठिणगी, पिस्टन वरच्या टोकाला पोचण्याच्या ४ अंश आधी ठेवा आणि क्लॅम्प आवळा. किट बसवल्यावर टायमिंग थोडं सरकतंच, जुन्या खुणेवर ते सोडू नका. मग अवजार जोडून तासभर खरं काम करा. घरासमोर उभा ठेवून सुरू आहे एवढ्यावर थांबलात तर मिसिंगचा पत्ता लागणार नाही, ते लोड आल्यावर आणि गरम झाल्यावरच दिसतं. परत आलात की कॉइलजवळ हात नेऊन बघा. कोमट असणं ठीक, हात ठेववत नसेल तर ओहम पुन्हा मोजा.

काढलेले पॉइंट आणि कंडेन्सर डब्यात घालून टूलबॉक्समध्ये ठेवा. सोबत फीलर गेज आणि छोटा स्क्रू ड्रायव्हरही. पॉइंटचा दोष शेताच्या मध्यावर उभं राहून दुरुस्त होतो, मेलेलं मॉड्यूल होत नाही.